स्लॅबवर पाणी मारायचे कोणी?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही लातुरात एका नावाजलेल्या कंपनीच्या प्रकल्पात सदनिका घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात हॉलमध्ये बीम आणि भिंत यांच्या सांध्यावर आडवी भेग पडली. तक्रार केली की माणूस येतो, पुट्टी भरून रंग मारतो आणि चार महिन्यांत भेग पुन्हा डोके वर काढते. या काळात साइट इंजिनिअर तीनदा बदलले. कार्यालयातील मंडळी मात्र अतिशय नम्र आहेत. दोष गवंड्याचा मानावा की कंपनीचा? माझे मेहुणे छत्रपती संभाजीनगरात घर घेणार आहेत, त्यांनी काय पाहावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपण वर्णन केलेली भेग बहुधा दोन भिन्न साहित्यांच्या जोडावरची आहे. उन्हाने काँक्रीट आणि वीट सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यातच ओले बांधकाम वाळताना आकसते. म्हणून भिंतीचा शेवटचा थर काही दिवस थांबून भरायचा आणि गिलाव्याआधी सांध्यावर जाळी ठोकायची, हा साधा नियम आहे. तो मोडला असेल तर पुट्टीने काहीही साधणार नाही. सांध्यालगतचा गिलावा पट्टीभर फोडून, जाळी मारून तो नव्याने करावा लागेल. भेग दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जात रुंदावत असेल किंवा कॉलमवर उभी दिसत असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला तातडीने दाखवावे. आपल्या काळ्या जमिनीत पाया हलल्याची शंका तेथे घेतलीच पाहिजे.

गवंड्याला जाळीचे महत्त्व कळत नाही, असे नाही. ठेकेदाराला मजुरी चौरस फुटावर मिळते, त्यामुळे थांबण्याचा प्रत्येक दिवस त्याच्या खिशातून जातो; इंजिनिअरची पगारवाढ ताबा देण्याच्या तारखेला बांधलेली असते; आणि काम थांबवणारा माणूस बैठकीत आडमुठा ठरतो. अशा ठिकाणी इंजिनिअर टिकत नाहीत, यात नवल नाही. म्हणून दोष मी कंपनीकडेच देईन.

कंपनीची ही रीत सर्वांत उघडी पडते ती पाण्यात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस, आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात टँकरचे पाणी स्लॅबवर वाफे करून साठवायचे म्हणजे खर्च आलाच. प्रत्यक्षात हे काम बहुतेक ठिकाणी राखणदाराकडे सोपवलेले असते, जो सकाळी पाइप फिरवतो आणि दुपारी, नेमकी गरज असते तेव्हा, सावलीत बसतो. त्याला विचारणारे कोणी नसते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनी केलेला घात आपण पाहिला आणि सिमेंट म्हणजे मजबुती असे धरून चाललो. पण पाण्याविना राहिलेले सिमेंट पुरती ताकद धरत नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर, रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेव्हा फोन पुरे झाले. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला, छायाचित्रांसह लेखी पत्र पाठवून पोच जपून ठेवा. दाद न मिळाल्यास महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते.

मेहुण्यांनी नमुना सदनिकेत वेळ घालवू नये. एप्रिल-मे महिन्यात, स्लॅब पडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास साइटवर जाऊन वाफ्यात पाणी आहे का ते पाहावे. ७ आणि २८ दिवसांच्या क्यूब चाचण्यांचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजण्याच्या चाचण्यांचे) रजिस्टर मागावे. सगळे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले दिसले तर सावध व्हावे. मग साइट इंजिनिअरला विचारावे, “तुम्ही शेवटचे काम कधी आणि कशासाठी तोडायला लावले?” ज्याला खरोखर तो अधिकार आहे, तो मजला आणि कारण लगेच सांगेल. उत्तर देण्याआधी तो विक्री विभागाच्या माणसाकडे पाहू लागला, तर बुकिंगची रक्कम देण्याची घाई करू नये.