अन्वय, क्रियापद अन् बर्डीवरचे हातवारे

प्रश्न असा आहे की 'वाक्याचा अन्वय लावा' यातला अन्वय म्हणजे काय, अन् मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपलं डोकंही तसंच चालतं का.

'कलम अमुक अन्वये' सगळ्यांना माहीत आहे, सोडा. पण साध्या 'अर्था'ला उगाच 'अन्वयार्थ' म्हणायची चॅनलवाल्यांची खोड डोक्यात जाते ना भाऊ! मजा मुळात आहे. अनु म्हणजे मागोमाग अन् इ म्हणजे जाणं, एकामागून एक जाणारं ते अन्वय, म्हणून संस्कृतात वंशालाही अन्वयच म्हणतात. अन्वय लावणं म्हणजे श्लोकातले विखुरलेले शब्द अर्थ लागेल अशा क्रमानं जोडणं, अन् त्याच्या दोन पद्धती, दंडान्वयात कर्ता, कर्म अन् क्रियापद शेवटी, खंडान्वयात मात्र आधी क्रियापद पकडायचं अन् त्यालाच विचारायचं, कोण? कोणाला? कशानं? म्हणजे क्रियापद शेवटी बोलणारे आपलेच शास्त्रीबुवा विचार करताना ते पहिलं धरत होते.

आता 'मराठी माणूस क्रियापद शेवटी ठेवतो म्हणून कामही शेवटीच करतो' असली भाषणं ठोकणाऱ्यांनी ऐका. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो अन् सहकाऱ्यांनी इंग्रजी, चिनी, स्पॅनिश अन् तुर्की बोलणाऱ्या 40 लोकांना न बोलता नुसत्या हातवाऱ्यांनी घटना सांगायला लावल्या. क्रियापद मध्ये ठेवणारे इंग्रजीवालेसुद्धा आधी करणारा, मग वस्तू, मग क्रिया असंच दाखवत होते! पारदर्शक चित्रं एकावर एक ठेवून घटना मांडतानाही तोच क्रम, तिथं तर कोणाला काही सांगायचंही नव्हतं. आपल्या नागपूरच्या बर्डीच्या गर्दीत पलीकडच्या फुटपाथवरून दोस्त तर्री-पोह्याला बोलावतो तेव्हा पहा, आधी स्वतःकडे बोट, मग तळहाताची प्लेट, मग तोंडाकडे घास.

पण या क्रमालाच गोल्डिन-मेडो मंडळींनी 'नैसर्गिक क्रम' म्हटलं ते मला काही पटत नाही. 2013 मध्ये भाषा अन् मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड गिब्सन अन् मंडळींनी दाखवलं की घटनेत दोन्हीकडे माणसंच असली, पोरगी पोराला लाथ मारते अशी, तर इंग्रजीवाल्यांचे हात क्रिया मध्ये घ्यायला लागतात, कारण नुसते दोघं शेजारी दाखवले तर मारलं कोणी अन् खाल्ली कोणी हेच कळत नाही. आपल्याकडे ते काम 'ला' करतो, 'पोराला पोरीनं मारलं' म्हणा नाहीतर 'मारलं पोरीनं पोराला', मार पोरालाच. हाताला 'ला' लावता येत नाही ना बे!