शाळेच्या बँडमागे पडद्यावर चित्रपटांची दृश्यं दाखवायची आहेत. वादनाशी ती जुळवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की स्नेहसंमेलनात आठवी-नववीची मुलं जुन्या गाण्यांच्या धुना वाजवणार आहेत, मागे चित्रपटांतल्या दृश्यांचा सलग व्हिडिओ चालणार आहे, आणि तालमीत दोन्ही काही केल्या जुळत नाहीये. सलग व्हिडिओ असेल तर ते जुळणारही नाही. आमच्याकडच्या शाळांच्या गॅदरिंगचं एडिटिंग बरीच वर्षं माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे हे ठामपणे सांगतो.

हिशोब करून बघा. चार ठोक्यांचा एक बार, असे ६४ बार. मिनिटाला १२० ठोक्यांनी धून १२८ सेकंदांत संपते. कार्यक्रमाच्या दिवशी समोर आईबाबा दिसले की मुलांची लय चढतेच. ती १३२ वर गेली की तीच धून ११६ सेकंदांत आटोपते. म्हणजे बँड थांबून टाळ्या पडताहेत आणि पडद्यावर अजून बारा सेकंदांची आगगाडी धावतेय. बँडमास्तरांच्या कानात हेडफोनमधून ठोका द्यायचा उपाय आहे, पण तो व्यावसायिक वादकांसाठी. शाळकरी मुलांना व्हिडिओमागे पळवू नका, व्हिडिओ त्यांच्यामागे चालू दे.

त्यासाठी धुनेचे भाग पाडा: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, मधला पीस, अंतरा, पुन्हा मुखडा. प्रत्येक भागाची वेगळी क्लिप करा आणि तिच्या शेवटी दहाएक सेकंद जास्तीचं दृश्य ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडवर एक क्लिप, आपोआप सुरू होणारी, आवाज बंद. अंतरा सुरू झाला की बटण दाबायचं, पुढची स्लाइड येते. बँड पळाला तर जास्तीचा भाग कापला जातो, रेंगाळला तर वापरला जातो. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. कापाकापीसाठी दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. बटणावर मात्र कॉम्प्युटरचे सर नकोत, बँडमधला राखीव वादक बसवा. त्याला धून पाठ असते, अंतरा कुठे येतो ते कागद न बघता कळतं.

दृश्यं निवडताना गाणारा चेहरा जवळून दिसतोय असा शॉट टाळा. ओठ हलताहेत आणि शब्द ऐकू येत नाहीत, हे लगेच खटकतं. नाचाचंही तेच, पाय ठोक्यावर पडले नाहीत की बिचाऱ्या ड्रमवाल्यावर खापर. चालणारी माणसं, बैलगाडी, पाऊस, समुद्र, गर्दी असं काही घ्या. ते कुठल्याही लयीत खपतं. अंधारी दृश्यं शाळेच्या प्रोजेक्टरवर नुसती काळी दिसतात, तीही नकोत. जुने चित्रपट ४:३ चौकटीतले असतात. ते ताणून पडदा भरू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत.

मला विचाराल तर एक तरी तुकडा मूकपटाचा घ्या. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बघा, त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. तेव्हा थिएटरात वादक समोर बसून वाजवायचे, त्यामुळे बँडबरोबर तो जितका शोभतो तितका बोलपट शोभत नाही. आणि प्रभातचं तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचं बोधचिन्ह! ते पडद्यावर आलं की ट्रम्पेटवाल्यांनी सुरुवात करायची. एवढं एक जमवलं तरी सभागृह तुमचं.

पण सगळा वेळ पडदा चालू ठेवू नका. पडदा हलत असला की पालक मुलांकडे बघतच नाहीत. कुणाचं सोलो असेल तिथे सरळ काळी स्लाइड टाका. पडद्यासाठी दिवे घालवले तर मुलांना नोटेशन दिसत नाही, तेव्हा स्टँडवर छोटे क्लिपचे दिवे आधीच मागवून ठेवा.

कॉपीराइटचंही विचारलंय तुम्ही. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० च्या आधीचे चित्रपट मोकळे झालेत. गाण्याच्या चालीचा हक्क मात्र वेगळा, तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी धून वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे. चित्रपट दाखवायलाही आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावलंत की ती सूट धरू नका. यूट्यूबवर टाकायचं असेल तर कॅमेरा मुलांवर रोखा आणि पडदा चौकटीबाहेर ठेवा. धुनेवरून दावा तरीही येऊ शकतो, पण निदान चित्रपटाच्या दृश्यांवरून येणार नाही.