सुतार पक्षी काळाच येतोय म्हणता, त्याबद्दल

जांबोटी रोडवरचे सोनपाठी सुताराचे तुमचे फोटो बघितले. मागे पांढरं आभाळ, पक्ष्याची नुसती काळी आकृती, डोकं हललेलं, आणि वर परवानगीसाठी हेलपाटे. माझंच जुनं रडगाणं वाचल्यासारखं झालं. कॅमेरा तुम्हाला येतो, ते सोडतो.

आधी कचेरी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडसारख्या अभयारण्यात फोटोग्राफीचा परवाना १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. मी गेलो त्या कचेरीत एवढं सांगायलाही कुणी तयार नव्हतं. मराठी अर्ज परत. कन्नडमधून लिहून नेला, तर ‘साहेब नाहीत, नाळे बन्नी’ (उद्या या). मग दुसरं टेबल, मग म्हणे वर पाठवलाय. तोवर पानगळ संपून झाडं पालवली, हंगाम गेला. कन्नडवर राग नाही हो, घरात आमच्याही दोन्ही चालतात. अर्ज कुणाच्या नावे करायचा ते पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? तुम्ही शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. (नियम बदलतात, मी काही वकील नाही.)

माझं मत विचाराल तर सोनपाठीसाठी अभयारण्य लागतच नाही. खानापूरकडे बांधावरच्या आंब्या-फणसावर मिळतो, शेतमालकाला विचारा म्हणजे झालं. पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार हवा असेल तर मात्र दाट रानच.

सुतार खोडावर खालून वर चढतो, माणूस दिसला की पलीकडे सरकतो. मागे धावू नका. ऊन पाठीशी घ्या, वरच्या खोडावर फोकस धरून थांबा. १/१६०० सेकंदाच्या शटरला सुद्धा टोचताना डोकं हलतं. मान मागे घेऊन तो क्षणभर थांबतो, तेवढ्यात दाबा. मागे झाडी येईल असं सरकता आलं तर उत्तम, नाहीतर एक्सपोजर (उजेड) एक-सव्वा स्टॉप प्लस करा. आभाळ जळून पांढरंफट्ट झालं तर होऊ दे.

एडिटिंगमध्ये सगळे तुऱ्यावर सॅच्युरेशन चढवतात आणि पिसं जाऊन कुंकवाचा डाग उरतो. लाल उलट थोडा उतरवा. रानातल्या हिरव्या उजेडाने पांढरी पिसं हिरवट होतात, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) गालाच्या पांढऱ्यावर घ्या. नॉइज (फोटोतले दाणे) फक्त पार्श्वभूमीचा काढा.

ढोलीत पिल्लं असतील तर लांब राहा. पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं त्याच वन्यजीव कायद्याने शिकारीत धरलंय. मोबाइलवर आवाज लावून बोलावणारे तर मला अजिबात खपत नाहीत.

आणि शेवटचा फोटो नराचा म्हणून टाकलाय, ती मादी आहे. कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागे.