गायतोंडे यांचा रोलर आणि रद्दीचे तुकडे

*वाचकांचे चित्रकलेविषयीचे प्रश्न आणि निवृत्त चित्रकला शिक्षकाची उत्तरे*

प्रश्न : सर, वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र भाच्याने मोबाइलवर दाखवलं. सगळं पिवळं आणि मध्ये चार-दोन खुणा. म्हणे कोट्यवधींना विकलं गेलं. भाचा सांगतो, त्यांनी ब्रश लावलाच नाही, रोलर फिरवला. रोलर तर आमच्या घराला रंग देणारे पेंटरही फिरवतात! मग यात चित्रकाराचं काय राहिलं? आणि ते गोंयकार होते, हे खरं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी सोपं उत्तर देतो. आईवडील गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. वाढले मुंबईत, गिरगावात. आपण त्यांना आपलं म्हणायला मोकळे आहोत, पण त्यांच्या चित्रांत माड आणि मांडवी शोधू नका, मिळणार नाहीत.

आता रोलर. भाचा म्हणतो ते खरं, पण अर्धंच. १९४८ साली जे. जे. स्कूलची पदविका घेतली तेव्हा ते ब्रशनेच रंगवत होते, आणि उत्तम रंगवत होते. आधी आपल्या भारतीय लघुचित्रांचा, मग युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचा ठसा त्या कामावर दिसतो. माणसं, आकार, रेषा सगळं त्यात आहे. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळवलं. म्हणजे ब्रश येत नव्हता म्हणून रोलर धरला, असं कुणी म्हणू नये. साठच्या दशकात आकृत्या पार गेल्या आणि रोलर व पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची पातळ सुरी, ही मुख्य हत्यारं झाली.

ब्रश ओढला की हात कुठून कुठे गेला ते रंगात उमटतं. रोलर ती खूण राहू देत नाही. पातळ केलेला रंग तो सारखा पसरवतो, त्यातून खालचा थर झिरपल्यासारखा दिसतो. वर पुन्हा थर, मग नाइफने खरवडणं, पुन्हा थर. घर रंगवणाऱ्याला खालचं काही दिसायला नको असतं, गायतोंडे यांना तेच दिसायला हवं होतं. फरक तिथे आहे, हत्यारात नाही.

आणि तुम्ही ज्यांना ‘चार-दोन खुणा’ म्हणता, त्यांची गंमत तर आणखी वेगळी. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले कागद ते कॅनव्हासवर ठेवत, दाबत आणि उचलत. आम्ही शाळेत मुलांकडून हे करून घेत असू. फाडलेल्या तुकड्याला रंग लावून तो कॅनव्हासवर उपडा टाकला, वरून कोरडा रोलर फिरवला आणि कागद सोलून काढला की कागदाचा आकार खाली उतरतो. कडा मात्र कात्रीसारखी सरळ नसते. कागदाचे तंतू जिथे तुटले तिथे रंग विरळ पडतो, मधे कुठे हवा अडकली असेल तर बारीक टिकल्या राहतात. उलटंही करता येतं. कोरा कागद ओल्या रंगावर ठेवून उचलला तर तो वरचा रंग घेऊन जातो आणि खालचा थर उघडा पडतो. हा आकार हाताने काढायला बसलात तर दिवस जाईल, आणि तरी तो काढलेलाच दिसेल.

मग हा योगायोगच झाला की, असं तुम्ही विचाराल. कागद काय उमटवील ते नेमकं सांगता येत नाही, खरं आहे. पण तो कुठे ठेवायचा, किती दाबायचा, आणि नको असेल तर खरवडून पुन्हा सुरू करायचं की नाही, हे चित्रकार ठरवतो. म्हणून तर त्यांची चित्रं संख्येने थोडी. गायतोंडे म्हटलं की लोक लगेच झेन हा जपानी बौद्ध पंथ आणि ध्यान यांवर येतात. झेनचं त्यांना वेड होतं, यात वाद नाही. पण कॅनव्हास ध्यानाने रंगत नाही हो. मनगट लागतं, मान लागते. १९८४ सालच्या अपघातात मानेला मार बसला तेव्हा मोठे कॅनव्हास काही वर्षं बंदच पडले आणि कागदावर शाईची लहान रेखाटनं आली. शरीराचं काम होतं, ते शरीराने अडवलं.

किमतीबद्दल मला विचारू नका. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राची किंमत २३ कोटींवर गेली, तेव्हा चित्रकार जाऊन बारा वर्षं झाली होती. मोबाइलवर हे काम कळत नाही. कोकणकन्येने मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे. तिथे त्यांचं चित्र लावलेलं असेल तर समोरून पाहून झाल्यावर बाजूला सरकून तिरपं पाहा. थर तेव्हा दिसतात.

प्रश्न : सर, मी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. कागदाचा हा प्रयोग करते, पण पावसात तैलरंग सुकतच नाही. आणि चित्रकार सूझांनीही मासिकांच्या पानांवर काम केलं होतं, ते कसं?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : तैलरंग पाणी उडून सुकत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट हवेत ते रेंगाळतं आणि आपल्याकडे वर बुरशीही येते. जून ते सप्टेंबर पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगांवर सराव कर. तैलरंगच हवा असेल तर खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचे तेलकट ठेव. उलट केलंस तर वरचा आधी सुकून तडकेल.

साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, तेही १९२४ सालचेच. त्यांची रीत मात्र वेगळी. गुळगुळीत छापील पानावरची शाई ते रसायनाने विरघळवत, पुसत, आणि उरलेल्या रंगांतून, चेहऱ्यांतून आपली आकृती रेखत. गायतोंडे यांच्या चित्रात कागद स्वतः राहत नाही, सूझांच्या चित्रात तोच पाया होतो. दोघांत मला गायतोंडे जवळचे, पण हातातली भीड मोडायची असेल तर तू सूझांपासून सुरू कर. मासिकाचं जाड, चकचकीत पान घे, वर्तमानपत्राचं नको, ते फाटतं. द्रावण कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं लाव. हातमोजे घाल, खिडक्या सताड उघड्या ठेव, आणि जवळपास उदबत्ती किंवा समई पेटलेली नको.