एकरकमी पैसे हातात आलेत. शेअर, बाँड, फंड यांतून काय निवडू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मोठी रक्कम एकदम हातात आली आहे. निम्मी तीन वर्षांनी घरासाठी लागेल, उरलेलीला निवृत्तीपर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, हात लावायचा नाही. मित्राने पाच शेअर, बाकीच्यांपेक्षा तीन टक्के जास्त व्याज देणारा एक बाँड (म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरावीक मुदतीसाठी व्याजाने दिलेलं कर्ज) आणि तीन फंड (अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या योजना) सुचवलेत. यातलं काय घ्यावं?

मी सल्लागार नाही, नोकरदार माणूस आहे. अठरा वर्षं स्वतःचे पैसे स्वतःच गुंतवतोय आणि तेवढ्यात ठेचा भरपूर लागल्यात. त्यातल्या दोन खाली येतीलच.

मित्राची यादी जरा बाजूला ठेवा. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: निम्मी रक्कम तीन वर्षांनी लागेल. आधी प्रत्येक रकमेला अशी तारीख लावायची, मग नावं शोधायची. तारीख लागली की अर्धेअधिक पर्याय आपोआप गळतात. तुमच्याकडे दोन तारखा आहेत, त्यामुळे उत्तरंही दोन.

घराच्या पैशातली एक दमडीही शेअरमध्ये किंवा शेअरच्या फंडात नको. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा एकत्रित आकडा, ऑक्टोबर २००७ च्या शिखरावरून मार्च २००९ पर्यंत सुमारे ५७ टक्के घसरला आणि जुनी पातळी परत गाठायला २०१३ उजाडलं. ज्याला थांबता आलं तो सावरला. ज्याला २००९ मध्येच घराचे पैसे भरायचे होते, त्याच्या १०० चे ४३ झाले होते, आणि ४३ चे पुन्हा १०० व्हायला सुमारे १३३ टक्के वाढ लागते. ‘बाजार शेवटी वर येतोच’ असं म्हणणाऱ्याला विचारा, कधीपर्यंत?

मग घराचे पैसे बाँडमध्ये टाकू, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. मीही झालो होतो. दोन वर्षांनी लागणारे पैसे ‘सुरक्षित’ म्हणून एका बाँड फंडात ठेवले. सात-आठ महिन्यांनी सहज खातं उघडून पाहिलं तर टाकले त्यापेक्षा कमी दिसत होते. मला वाटलं स्क्रीनच चुकली. ज्याने फंड सुचवला होता त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “सरकारी बाँड आहेत हो, बुडत नाहीत.” खरंच, बुडाले नव्हते. त्या रात्री पहिल्यांदा फंडाचं माहितीपत्रक नीट वाचलं. आतल्या बाँडची सरासरी मुदत होती अकरा वर्षं, आणि मला पैसे हवे होते दोन वर्षांनी. सरकारने काहीच चुकवलं नव्हतं, व्याजदर तेवढे वाढले होते.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की बाँड कळायला लागतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा तुमच्याकडे दरसाल ५ टक्के देणारा १०० चा बाँड आहे. उद्या तसेच नवे बाँड ७ टक्क्यांनी मिळू लागले, तर तुमचा ५ वाला पूर्ण भावाने कोण घेईल? भाव पाडूनच विकावा लागेल, आणि तोही इतका पाडून की घेणाऱ्याला उरलेल्या मुदतीत वर्षाला ७ टक्के पडतील. मुदतीचं एकच वर्ष उरलं असेल तर भाव ९८ च्या आसपास येतो. वीस वर्षं उरली असतील तर ७९ च्या आसपास. बाँड तोच, सरकार तेच, फरक फक्त मुदतीचा. हे मोजायच्या आकड्याला ड्युरेशन म्हणतात आणि तो माहितीपत्रकात छापलेला असतो. ड्युरेशन ६ असेल आणि दर १ टक्क्याने वाढले, तर भाव साधारण ६ टक्के उतरणार. दर कमी झाले की याच्या उलट होतं, आणि तेव्हा लोक त्या फंडाची तारीफ करत असतात.

टोकाचं उदाहरण ऑस्ट्रियाचं. २०२० मध्ये तिथल्या सरकारने १०० वर्षं मुदतीचा बाँड विकला, व्याज ०.८५ टक्के. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्याजदर वाढले आणि त्या बाँडचा भाव निम्म्याहून खाली गेला. ऑस्ट्रियाने व्याज नीट दिलं, बुडण्याची भाषाही कुणी केली नाही. २०२२ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी अमेरिकेत शेअर सुमारे १८ टक्के पडले आणि बाँडचा सर्वसाधारण निर्देशांकही १३ टक्के पडला. शेअर पडले की बाँड सावरून घेतील, हा भरवसा त्या वर्षी कामाला आला नाही.

तेव्हा घराच्या पैशासाठी मी काय करेन? ज्याची मुदत तुमच्या तारखेला किंवा तिच्या थोडं आधी संपते असा सरकारी बाँड, नाहीतर तेवढ्याच मुदतीची विमा संरक्षण असलेली बँक ठेव. मुदतीपर्यंत हातात ठेवलं की मधल्या भावाशी तुम्हाला देणंघेणं नाही. बहुतेक बाँड फंडांना मात्र अशी शेवटची तारीखच नसते, जुने बाँड संपले की ते नवे घेत राहतात. फंडच घ्यायचा तर ड्युरेशनचा आकडा तुमच्या उरलेल्या वर्षांपेक्षा कमी हवा.

मित्राचा तो तीन टक्के जास्तवाला बाँड? ते तीन टक्के कुणी प्रेमाने देत नाही. कंपनीला स्वस्तात कर्ज मिळत असतं तर ती तुमच्याकडे आलीच नसती. त्याच्या कागदपत्रांत तीन गोष्टी शोधा. कर्जाला काही तारण आहे का, कंपनी बुडाली तर पैसे परत मिळायच्या रांगेत तुमचा नंबर कितवा, आणि मधेच विकायचा झाला तर घेणारा मिळतो का. नुसत्या पतमानांकनावर, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीला संस्थांनी दिलेल्या गुणांवर, विसंबू नका. एन्रॉन या अमेरिकेतल्या बड्या ऊर्जा कंपनीने २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या अवघे चार दिवस आधीपर्यंत मोठ्या मानांकन संस्थांच्या लेखी ती गुंतवणूकयोग्य कंपनी होती. घराच्या पैशासाठी हा बाँड मी दुरूनच नमस्कार करून सोडेन.

आता वीस वर्षांचे पैसे. इथे धोका उलटा आहे. सगळे ठेवीत टाकून स्वस्थ बसलात आणि महागाई वर्षाला ३ टक्के राहिली, तर वीस वर्षांनी १०० ची किंमत आजच्या ५५ इतकी उरते. व्याज त्याच्यावर किती मिळतं आणि त्यातून कर किती जातो हे बघा, म्हणजे शेअर का लागतात ते कळेल.

मित्राच्या तीन फंडांचं एक काम आज रात्रीच करा. तिघांची माहितीपत्रकं उघडा आणि प्रत्येकातल्या पहिल्या दहा कंपन्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. सारख्या नावांवर खूण करत जा. मी माझ्या चार फंडांचं असं केलं तेव्हा सात नावं चारही रकान्यांत होती. चार ठिकाणी पैसे विभागले म्हणून मी निर्धास्त होतो, प्रत्यक्षात एकाच गोष्टीसाठी चार जणांना फी देत होतो.

फी हा विषय आला की लोक म्हणतात, दीड टक्का म्हणजे किती! हिशेब करून बघा. १०० गुंतवले, बाजाराने वर्षाला ७ टक्के दिले आणि तीस वर्षं गेली. वर्षाला ०.२ टक्के खर्च घेणाऱ्या फंडात त्याचे साधारण ७२० होतात. दीड टक्के घेणाऱ्यात साधारण ४९८. व्यवस्थापकाने वाईट काम केलं असंही नाही, बाजाराइतकंच कमावलं असं धरूनचा हा आकडा आहे. आणि सगळे व्यवस्थापक मिळूनच तर बाजार बनतो, त्यामुळे खर्च वजा जाता सरासरी व्यवस्थापक बाजाराच्या मागेच राहणार. काही जण पुढे जातात, नक्की जातात, पण ते कोण हे वीस वर्षं आधी ओळखायला मला आजवर जमलेलं नाही.

म्हणूनच १९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या फंड कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांसाठी निर्देशांकाची नक्कल करणारा फंड, म्हणजे इंडेक्स फंड, काढला. सुरुवातीला अपेक्षेच्या मानाने फारच थोडे पैसे जमले आणि ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून लोक हसले. पुढे अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी दहा वर्षांची जाहीर पैज लावली: एका बाजूला एस अँड पी ५०० चा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला एका गुंतवणूक संस्थेने निवडलेले पाच फंड, जे महागड्या हेज फंडांत (बड्या गुंतवणूकदारांसाठीच्या, भरपूर फी घेणाऱ्या खाजगी फंडांत) पैसे लावत होते. २००८ ते २०१७ या काळात इंडेक्स फंड १२५.८ टक्के वाढला आणि पाचांपैकी एकालाही त्याला गाठता आलं नाही. गंमत म्हणजे पैजेच्या पहिल्याच वर्षी, बाजार कोसळला तेव्हा, इंडेक्स फंड त्या पाचांच्याही मागे होता. तेव्हा पैज सोडून पळाला असता तो हरला असता.

माझ्या दीर्घ मुदतीच्या पैशांचा मोठा भाग अशाच कमी खर्चाच्या इंडेक्स फंडांत आहे, आणि एकाच देशात नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये शिखरावर होता. ते शिखर पुन्हा ओलांडलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं! तेव्हा वीस वर्षांची तारीखही एकाच बाजारावर सोडून निवांत होता येत नाही.

शेअरमध्ये किती टक्के ठेवायचे, याची सूत्रं तुम्हाला शंभर मिळतील. मी एकच करायला सांगेन. जेवढी रक्कम टाकणार तिची निम्मी संख्या कागदावर लिहा, टक्केवारी नको, खरा आकडा. तो आकडा एक दिवस खात्यात दिसणार आहे असं समजा. बघून पोटात गोळा येत असेल तर रक्कम कमी करा, उरलेली बाँडमध्ये. तारीख जवळ येऊ लागली, म्हणजे शेवटची पाच-सात वर्षं राहिली, की शेअरमधून थोडे थोडे बाँडकडे वळवत जायचं.

सुटे शेअर या विषयाला मी फार वेळ देणार नाही. हेंड्रिक बेसेमबाइंडर या अभ्यासकाने १९२६ ते २०१६ मधल्या अमेरिकेतल्या सुमारे २६,००० शेअरचा हिशेब मांडला. बाजारात एकूण जी निव्वळ संपत्ती तयार झाली ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांमुळे. आणि निम्म्याहून जास्त शेअरनी आपल्या हयातीत महिनाभराच्या सरकारी रोख्याइतकंही दिलं नाही. तुमच्या पाचांत त्या ४ टक्क्यांतलं कुणी असेलही. मित्राने ते कशावरून ओळखलं, एवढं विचारा.

माझी दुसरी ठेच इथलीच. ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून एक शेअर घेतला. मी तेव्हा वहीत खरेदीचं कारण लिहायचो, आणि त्या पानावर चारच शब्द आहेत: ‘पुढच्या तिमाहीत डबल होणार.’ शेअर ३० टक्के पडला, मी आणखी घेऊन ॲव्हरेज केलं, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणला. ५० टक्के पडला, पुन्हा ॲव्हरेज. तिसऱ्यांदा वही काढली तेव्हा लक्षात आलं की ती तिमाही होऊन दीड वर्ष झालं होतं आणि कारणाच्या जागी नवं लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. विकला त्या दिवशी भाव खरेदीच्या पंचमांश होता. वही अजून वापरतो. आता कारणाच्या खाली आणखी एक ओळ सक्तीची केली आहे: काय झालं तर विकणार. ती ओळ सुचली नाही तर खरेदी रद्द. हौस असेल तर एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत करा, आणि तुम्ही जिथे नोकरी करता त्या कंपनीचे शेअर मात्र नकोत. एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या खात्यांत निम्म्याहून जास्त पैसे एन्रॉनच्याच शेअरमध्ये होते. नोकरी आणि पुंजी दोन्ही बरोबरच गेलं.

वीस वर्षांचे पैसे एकदम टाकावेत की हप्त्याहप्त्याने, हेही तुम्ही विचाराल. बाजार पडतो त्यापेक्षा जास्त वेळा चढतो, त्यामुळे आकडे एकदम टाकण्याच्या बाजूचे आहेत. पण टाकल्यावर महिन्याभरात २० टक्के पडला तर सगळं विकून बाहेर पडाल असं वाटत असेल, तर वर्षभरात बारा हप्ते करा आणि हप्त्यांच्या तारखा आजच लिहून ठेवा.

राहिली मित्राची ती पाच नावं. त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा शेअर माझ्याकडे आहे, तेव्हा त्याच्याबद्दल मी चांगलंच बोलेन आणि ते तुम्ही धरू नका. बाकीच्या चार कंपन्यांचे वार्षिक अहवाल मी वाचलेले नाहीत. मित्राने वाचलेत का?