अमेरिकन कॉमिककार ख्रिस वेअरच्या ‘बिल्डिंग स्टोरीज’वर एम.ए.चा प्रबंध लिहायचा आहे. आधी सिद्धान्त निवडू की आधी कॉमिक वाचू?

आधी कॉमिक, आणि तेही कागदावर. 2012 साली आलेलं ‘बिल्डिंग स्टोरीज’ हे एकसंध पुस्तकच नाही. एका मोठ्या खोक्यात 14 सुटे छापील नग आहेत: वर्तमानपत्राएवढे कागद, पातळ पुस्तिका, चिंचोळ्या पट्ट्या, खेळाच्या पटासारखा घडीचा पुठ्ठा. वाचनाचा क्रम ठरलेला नाही. पीडीएफवर काम केलंत तर सगळे नग स्क्रीनएवढेच होतात आणि हातभर कागद उलगडण्याचा अनुभव विश्लेषणातून गळून पडतो.

म्हणून प्रत्येक नगाची मापं घ्या. कोणता नग कितवा उचलला ते लिहून ठेवा. मग क्रम बदलून पुन्हा वाचा आणि नायिकेबद्दलचं मत नेमकं कुठे पालटलं ते टिपा. प्रबंधाचा खरा ऐवज तिथेच सापडतो.

नंतर तीन-चार जोडपानंच निवडा आणि चौकटींना पेन्सिलीने क्रमांक द्या, आणि एकीतून दुसरीत कसं जातो याचा तक्ता करा. इथे बहुतेक जण अडकतात. कॉमिक्सचा अभ्यासक स्कॉट मॅक्लाउडने 1993 मध्ये एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले. ते वापरायला सोपे, पण ‘पुढची चौकट’ एकच आहे असं गृहीत धरतात. वेअर पानाच्या मधोमध मोठं चित्र ठेवतो, भोवती बोटाच्या पेराएवढ्या चौकटी आणि बाण. एका चौकटीतून दोन-तीन वाटा फुटतात. तक्त्यात जबरदस्तीने एकच प्रकार भरलात की तक्ता खोटा पडतो. ‘वाटा किती’ असा वेगळा रकाना ठेवा. एकाहून जास्त असतील तिथे पानाचा नकाशाच काढा. दूरदूरच्या पानांवर तेच चित्र परत येतं, त्यासाठी कॉमिक्सचे अभ्यासक थिएरी ग्रोनस्टीन यांची ‘गुंफण’ (दूरच्या चौकटींमधलं असं नातं) ही कल्पना जास्त कामाची आहे.

अपंगत्वाच्या अंगाने लिहिणार असाल तर जपून. नायिकेचा एक पाय गुडघ्याखाली नाही, पण कित्येक पानांवर त्याचा शब्दानेही उल्लेख येत नाही. ती घर आवरते, मुलीला सांभाळते. पाय म्हणजे ‘अपुरेपणाचं प्रतीक’ असं सरसकट लिहिलंत तर हीच पानं तुमच्या विरुद्ध जातील. मार्गरेट फिंक बर्मन यांचा यावरचा लेख जरूर वाचा. मात्र तो बॉल आणि कुलमन यांनी संपादित केलेल्या, वेअरवरच्या लेखांच्या 2010 च्या संग्रहातला आहे, म्हणजे खोकं येण्याआधीचा. त्यात चर्चा आहे ती तोवर सुटे प्रसिद्ध झालेल्या भागांची. त्यातले निष्कर्ष संपूर्ण कृतीला लावण्याआधी प्रत्येक दाखला खोक्यात पडताळून घ्या.

वेअरच्या मुलाखती शेवटी वाचा. तो कॉमिक्सची तुलना संगीत आणि वास्तुकलेशी करतो. ती सुंदर आहे, पण म्हणून तिला पुरावा समजू नका.

संदर्भ देताना पृष्ठक्रमांकावर विसंबून चालणार नाही. प्रत्येक नगाला लघुनाव द्या आणि प्रबंधाच्या सुरुवातीलाच त्यांची मापांसह यादी जोडा.