फ्लॅट भाड्याने देताय? करापुरतं ऐका

पुण्यातल्या बाणेरचा फ्लॅट भाड्याने दिलात की महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांसाठीची 40 टक्के सवलत जाते, घरपट्टी वाढते. ती 31 मार्चच्या आत भरलीत तर प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्यातून वजा होते. नुसतं बिल येऊन भागत नाही. उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट, मग रंगकाम करा वा नका करू. प्लंबरच्या पावत्या जमवत बसू नका!

खरा घोळ कर्जाच्या व्याजात. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा (म्हणजे वजावटींनंतर उरलेल्या भाड्यापेक्षा व्याज जितकं जास्त तो) वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, राहिलेला 8 वर्षं पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्यापुरतंच, पगाराला हात लागत नाही. दोन्हींचा हिशेब मांडूनच निवडा. आणि फ्लॅट बायकोला बक्षीस दिलात तरी भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात.